गोष्टीतला किडा मेला आणि मला ‘हुश्श’ झालं

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात आणि ओळख पटेल असे तपशील गाळून:

वय 29. घणसोलीला सिडकोच्या वन बीएचकेत आई आणि मोठ्या भावासोबत राहते. दादा 38 वर्षांचा, औषध कंपनीत एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणारा प्रतिनिधी, होता. वडील गेल्यापासून घर त्याच्या पगारावर चाललं, माझ्या कॉलेजची फीसुद्धा त्यानेच भरली. 14 महिन्यांपूर्वी त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. ‘हो’, ‘नाही’ आणि एक-दोन शब्द तेवढे उरलेत. आतल्या खोलीत तो असतो, आई आणि मी हॉलमध्ये झोपतो. मी पावणेपाचला उठून त्याचं आवरते आणि ऐरोलीला ऑफिसला जाते.

महिन्यातल्या एका रविवारी ठाण्याला नौपाड्यात वाचन गट भरतो. यावेळी काफ्काची ‘मेटामॉर्फोसिस’ होती: घर चालवणारा फिरता विक्रेता ग्रेगोर एका सकाळी किडा होऊन उठतो, ती गोष्ट. पुस्तक दादाच्याच कपाटात मिळालं. शेवटी ग्रेगोर मरतो तिथे माझ्या तोंडून ‘हुश्श’ निघालं. पुढच्या पानावर ट्राममध्ये बहीण उठून आळस देते, तिथे रडू आलं, कारण गटाहून परतताना लोकलमध्ये खिडकीशी बसलं की मलाही तसंच हलकं वाटतं. बैठकीत एक काका म्हणाले, “बहीण नालायक निघाली.” मी गप्प बसले. पुढच्या वेळी बोलायची पाळी माझी आहे. मी विकृत आहे का? गटात खरं सांगावं का? आणि दादा हल्ली डाव्या हाताने टेबलावरच्या त्या पुस्तकाकडे बोट दाखवतो. म्हणून आता मी ते उशीखाली लपवलंय. त्याने ते वाचलं तर?

*

आधी थेट उत्तरं. विकृत वगैरे काही नाही. गटात बोला, पण काय बोलायचं ते निवडून. आणि पुस्तक उशीखालून काढा. ते का, हे शेवटी येईल, कारण त्यात तुमच्या नजरेतून निसटलेली एक गोष्ट आहे.

तुमच्या ‘हुश्श’पासून सुरुवात करू. तुम्ही ते तुमच्या मनाचा पुरावा म्हणून धरलंत. पण गोष्टीची बांधणी बघा. तीन भाग आहेत आणि प्रत्येक भागात ग्रेगोर एकदा खोलीबाहेर येतो. पहिल्यांदा वडील एका हातात काठी, दुसऱ्यात वर्तमानपत्र घेऊन त्याला मागे रेटतात. दुसऱ्यांदा सफरचंदं फेकून मारतात, त्यातलं एक पाठीत रुतून बसतं. तिसऱ्यांदा तो बहिणीच्या व्हायोलिनच्या ओढीने येतो आणि परत जातो तो मरायलाच. दरम्यान खोलीतलं सामान काढून नेलेलं असतं, नंतर तिथे अडगळ भरली जाते, स्वयंपाकघरातली राखेची आणि कचऱ्याची पेटीसुद्धा तिथेच येते. खिडकीबाहेरचं त्याला दिवसेंदिवस अंधूक दिसत जातं. आणि हे सगळं आपण त्याच्याच डोळ्यांनी बघतो. दोन-अडीच तास लेखकाने वाचकाला त्या खोलीत कोंडून ठेवलेलं असतं. मग ग्रेगोर मरतो, गोष्ट पहिल्यांदाच घराबाहेर पडते, मार्चअखेरची ऊबदार हवा, उन्हाने भरलेली ट्राम. अशा वेळी श्वास सुटला नाही तरच नवल. घरात कुणी आजारी नसलेल्या वाचकालाही तो सुटतो. फरक इतकाच, की त्याला तो लक्षात ठेवायचं कारण नसतं आणि तुम्हाला आहे.

या शेवटाने खुद्द लेखकालाही छळलं होतं. काफ्काने ही कथा 1912 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये प्रागला लिहिली, ती छापून आली 1915 साली. मधल्या काळात, 19 जानेवारी 1914 च्या डायरीत त्याने नोंद केली आहे की या कथेचा त्याला तिटकारा आलाय आणि शेवट वाचवत नाही. आणि गोंधळलेल्या वाचकांत तुम्ही पहिल्या नाही. 1917 च्या एप्रिलमध्ये बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्गहून एका गृहस्थांनी काफ्काला पत्र टाकलं होतं: पुस्तक नात्यातल्या बहिणीला भेट दिलं, तिला उलगडलं नाही, तिने आईला दिलं, आईलाही नाही, आता सगळ्या माझ्याकडे बघतायत कारण घरात शिकलेला मी, खंदकात महिनोन्‌महिने लढलो तेव्हा डगमगलो नाही, पण बहिणींपुढची अब्रू गेली तर सहन व्हायचं नाही, तेव्हा तुम्हीच सांगा. एखाद्या गोष्टीने घरात असा घोळ घातला की ती चांगली लागू पडली, असं समजायला हरकत नाही.

आता गटातले काका. “बहीण नालायक” हे वाक्य एकटं येत नाही, त्याच्या आधी बहुतेक “पण ग्रेगोरचं काय चुकलं होतं?” हा प्रश्न येऊन गेलेला असतो. आपल्याकडे माणसाचं रूप बदलतं ते शापाने. अहल्येची शिळा झाली तर त्यामागे कारण असतं, आणि उःशापही ठरलेला असतो. नाहीतर मग बदल वरच्या दिशेने होतो: वाल्याचा वाल्मीकी. इथे शाप नाही, उःशाप नाही, देणारा ऋषीही नाही. मग आपण दोषी शोधायला लागतो. ग्रेगोर निर्दोष, तर बहीण दोषी. वाचनातली ही आपली जुनी सवय आहे, त्यावरून ग्रेटाचा, म्हणजे त्या बहिणीचा, निकाल लावू नये. वाल्याची कथा इथे उलटी बसवून बघायला मात्र मजा येते. वाल्या घरी जाऊन विचारतो, माझ्या पापात वाटेकरी व्हाल का? सगळे नाही म्हणतात, आणि त्या नकाराने त्याची सुटका होते. ग्रेगोर असं काही विचारतच नाही. आईवडिलांचं साहेबाकडचं कर्ज फेडायला अजून पाच-सहा वर्षं नोकरी ओढायची, हे त्याने मनाशीच ठरवलेलं असतं. इकडे वडिलांनी बुडालेल्या धंद्यातून वाचलेली थोडी रक्कम आणि त्याच्याच पगारातून मागे टाकलेले पैसे राखून ठेवलेले असतात, त्याचा त्याला पत्ता नसतो. एका घरात दोन हिशेब. तुमच्याकडे आता पैशाचं कोण बघतं, दादाच्या पॉलिसीचं, खात्याचं काय झालं, हे त्याच्यासमोर बसून त्याला सांगितलंय का कुणी? नसेल तर या महिन्यात सांगा. आकड्यांसकट.

ग्रेटाविषयी बोलायचं तर पानं उघडून बोलावं. ती 17 वर्षांची आहे. रूप बदलल्यानंतर खोलीत जाण्याची हिंमत फक्त तिची होते. पहिल्या दिवशी ती त्याच्या आवडीचं दूध आणि त्यात पावाचे तुकडे ठेवते. तो तोंड लावत नाही, हे तिच्या लक्षात येतं, आणि मग ती जुन्या वर्तमानपत्रावर काय काय मांडून आणते: शिळी भाजी, आदल्या जेवणातली हाडं, बेदाणे-बदाम, दोन दिवसांपूर्वी त्यानेच नाकं मुरडलेलं चीज, कोरडा पाव, लोण्याचा पाव. शिवाय पाणी. आणि तो आपल्यासमोर खाणार नाही म्हणून बाहेर जाऊन किल्ली फिरवते. रुग्णसेवेत हे पहिल्या प्रतीचं काम आहे. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर तेच दूध तीन दिवस ठेवून “खातच नाही” म्हणाली असती. पुढे तीच ग्रेटा दुकानातल्या नोकरीला लागते, रात्री लघुलेखन आणि फ्रेंच शिकते, आणि मग सकाळी धावतपळत हाताला लागेल ते पायानेच खोलीत सरकवते, संध्याकाळी खाल्लंय की नाही न बघता झाडूने बाहेर काढते. या दोन पानांमध्ये ती दुष्ट झालेली नाही. थकलेली आहे, आणि मदतीला कुणी नाही.

आणि एक विचारायचंय. तुम्ही ग्रेटा आहात हे कुणी ठरवलं? घरात एक आजारी भाऊ आणि एक बहीण म्हटल्यावर जोडी जुळवणं सोपं आहे. पण गोष्टीची पहिली पानं परत वाचा. चारचा गजर, पाचची गाडी, पाच वर्षांत एक दिवस आजारपणाची रजा नाही, अंग हलत नसतानाही डोक्यात पुढच्या गाडीची वेळ. आज तुमच्या घरात पावणेपाचला उठून लोकल पकडणारं कोण आहे? पगार कुणाचा येतो? तुम्ही ग्रेटाइतक्याच ग्रेगोर आहात, किंबहुना जरा जास्तच. तुमचं ‘हुश्श’ हे थोडंफार स्वतःसाठीही असावं.

तुमच्या पत्रात सुरुवातीला ‘दादा’ आहे. नंतर तुम्ही लिहिता, ‘सकाळचं उरकलं की’, ‘आईला हे सगळं झेपत नाही’, आणि एका ठिकाणी, ‘कधी कधी वाटतं, हे सगळं एकदाचं संपावं’. दादा संपावा असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. संपायला हवंय ते ‘हे सगळं’: पावणेपाचचा गजर, ओल्या चादरी, जिन्यावरून खुर्ची उतरवणं, दर बिलाला करायचा हिशेब. ग्रेटाची खरी चूक शोधायची असेल तर ती इथे आहे. तिसऱ्या भागात ती वडिलांना सांगते की हा ग्रेगोर आहे हा विचारच डोक्यातून काढून टाका. तोवर ‘तो’ असलेला भाऊ तिच्या तोंडी ‘ते’ होतो. जर्मनमध्येही सर्वनाम तसंच बदलतं. तिने माणूस आणि ओझं एका शब्दात बांधलं आणि एकदमच बाहेर टाकलं. मराठीत हे आणखी गमतीचं आहे: ‘ते’ मान देतानाही म्हणतात आणि वस्तूलाही. ‘ते जेवले का?’ आणि ‘ते जेवलं का?’ यात फक्त एका मात्रेचा आणि एका अनुस्वाराचा फरक. आजारी माणसाच्या घरी पाहुण्यांनी कान देऊन ऐकावं, कितव्या महिन्यात तो फरक पुसला जातो. तुम्ही अजून दोन वेगळे शब्द वापरताय. ते वेगळेच ठेवायचे, एवढं काम आहे.

कसं ठेवायचं, यासाठी गोष्टीतलंच एक वाक्य उपयोगी आहे. दुसऱ्या भागात लिहिलंय की त्याचं बोलणं कुणाला समजत नव्हतं, म्हणून त्याला इतरांचं बोलणं समजत असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही, बहिणीच्याही नाही. वाचक म्हणून आपल्याला ठाऊक असतं की त्याला प्रत्येक शब्द कळतोय. तो दाराला चिकटून ऐकत असतो. शेवटी वडील म्हणतात, “त्याला आपलं समजलं असतं तर…”, आणि ग्रेटा रडत रडत हात झटकते: शक्यच नाही. माणसाचा किडा पहिल्या वाक्यात होतो हे खरं, पण घरच्यांसाठी तो किडा होतो तो इथे.

हेच तुमच्या दादाच्या दुखण्यात आहे. उजवी बाजू गेली म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या भागाला, आणि बहुतेक लोकांचं भाषेचं केंद्र तिथेच असतं. बोलणं गेलं याला डॉक्टर ॲफेजिया म्हणतात, मराठीत वाचाघात. त्यात बुद्धी, आठवणी, आवडीनिवडी, राग, विनोद जागेवर असू शकतात. अडतो तो शब्द. समजणंही कमीजास्त होतं, पण किती, हे तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. आणि 14 महिने झाले म्हणजे दार बंद झालं असं नाही. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते, नंतर सावकाश, पण होते. स्पीच थेरपी सुरू नसेल तर करा. वांद्रे रिक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे, तिथे तपासणी आणि थेरपी दोन्ही होतं. जाताना डिस्चार्ज कार्ड, एमआरआय किंवा सीटी स्कॅनचा रिपोर्ट न्या, आणि दादा घरी काय काय बोलतो त्याची आठवड्याभराची यादीही. ही यादी थेरपिस्टच्या फार कामाची असते आणि जवळपास कुणीच नेत नाही.

तोवर घरी करायचं ते असं. पेन्सिल घेऊन पुस्तक परत वाचा, तीन बैठकांत, एक भाग एका वेळी. जिथे कुणी ग्रेगोरशी बोलतं तिथे समासात टिंब, जिथे त्याच्याविषयी बोलतं तिथे आडवी रेघ. पहिल्या भागात बंद दारातून बरीच टिंबं पडतील. दार उघडल्यावर ती संपतात. ग्रेटा त्याच्याशी थेट बोलते ते मूठ उगारून, आणि लेखक मुद्दाम सांगतो की रूप बदलल्यानंतर तिने त्याला उद्देशून काढलेले हे पहिले शब्द होते. रोज त्याच्याशी बोलणारी एकच व्यक्ती उरते, ती म्हणजे नंतर ठेवलेली म्हातारी कामवाली, आणि ती त्याला शेणकिडा म्हणते. ग्रेगोरला ते आवडत नाही. पण बोलते तीच.

मग एका सुट्टीच्या दिवशी हीच टिंबं आणि रेघा घरात मोजा. फ्रिजवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. ‘दादाने औषध घेतलं का गं?’ हे त्याच्या उशाशी उभं राहून आईला विचारलेलं वाक्य म्हणजे रेघ. आकडा लाजिरवाणा निघेल, सगळ्याच घरांत निघतो. पुढच्या आठवड्यात फक्त तीन रेघांची टिंबं करायची: औषधाचा, आंघोळीचा आणि जेवणाचा प्रश्न त्यालाच विचारायचा.

विचारताना काय चुकतं, तेही सांगणं भाग आहे. पहिली चूक आवाज चढवणं. त्याचे कान गेलेले नाहीत. दुसरी, लहान मुलाशी बोलावं तसं बोबडं बोलणं. तिसरी, उत्तर यायच्या आत पुढचा प्रश्न. प्रश्न छोटा ठेवा, एका वेळी एकच गोष्ट, टीव्ही बंद, समोर बसून, आणि विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. शब्द अडला की लगेच पुरवू नका. कागदावर ठळक अक्षरांत दोन पर्याय लिहा, ‘पोहे’, ‘उपमा’, आणि बोट दाखवू द्या. घरातल्या वस्तूंचे, माणसांचे फोटो मोबाइलवर काढून त्यांचा एक अल्बम ठेवा. आणि सर्वांत महत्त्वाचं, त्याच्या ‘हो’वर डोळे मिटून विसंबू नका. वाचाघातात मनात ‘नाही’ असून तोंडातून ‘हो’ निघतं. म्हणून रोज एक उघड प्रश्न टाकून बघा, ‘चहात मीठ घातलंय का?’, आणि महत्त्वाचं काही असेल तर उलटा प्रश्नही विचारा: ‘खिडकी उघडू?’, थोड्या वेळाने ‘खिडकी बंद ठेवू?’ दोन्हीला ‘हो’ आलं तर त्या दिवशी शब्द सोडा आणि बोट, मान, नजर यांवर चला.

ग्रेगोरच्या पाठीतलं सफरचंद शेवटपर्यंत तसंच राहतं, कारण ते काढायची कुणाची हिंमत होत नाही. म्हणून एक कोरडी सूचना: दादा बराच वेळ पडून असेल तर माकडहाड, टाचा आणि खांद्याची हाडं रोज आंघोळीच्या वेळी बघा. लाल डाग बोटाने दाबून सोडल्यावरही पांढरा पडत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि दर दोन तासांनी कूस बदला. जेवण कमी झालं, तर ‘हट्टीपणा करतो’ म्हणू नका. ग्रेगोर उपाशी राहतो, हे बहिणीला दिसतं ते तो मेल्यावर: किती वाळला होता म्हणते. पक्षाघातानंतर साधारण तीनपैकी एकाला नैराश्य येतं, त्यावर औषध आहे, आणि बोलता न येणाऱ्याचं नैराश्य भुकेतून आणि झोपेतूनच कळतं.

तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की तुम्हाला बघायला पाहुणे आले तेव्हा आईने आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. गोष्टीत तीन भाडेकरू येतात तेव्हा नेमकं हेच चाललेलं असतं. पोटासाठी ठेवलेल्या परक्यांपासून मुलगा लपवायचा. एका संध्याकाळी दार उघडं राहतं आणि सगळा डाव फिसकटतो. आईंना दोष देऊ नका, त्यांचा हिशेब तुमच्या भल्याचाच आहे. पण पुढच्या वेळी दार उघडं ठेवा, दादाला इस्त्रीचा शर्ट घाला, आणि पाहुण्यांना आत नेऊन सांगा, “हा माझा दादा. त्याला बोलायला वेळ लागतो, पण सगळं कळतं.” आधी दादाला विचारून; त्याला नको असेल तर दार त्याच्या मर्जीने लावायचं. हे बघून जे स्थळ मागे सरकेल ते आज ना उद्या सरकणारच होतं.

गटाचं बोलू. तिथे ‘मला हुश्श झालं’ एवढंच सांगितलंत तर उरलेला तास तुमच्यावर चर्चा होईल, गोष्ट बाजूला राहील. काही सहानुभूती येईल, काही उपदेश येईल, दोन्ही नकोसं होईल. शिवाय दादाचं दुखणं त्याचं आहे, ते चार लोकांत सांगायचं तर त्याला विचारलं पाहिजे. म्हणून आठ-दहा मिनिटांत टिंबं आणि रेघा मांडा. दूध-पावाचं पान आणि पायाने सरकवलेल्या ताटाचं पान लागोपाठ मोठ्याने वाचा. मग मुखपृष्ठाचा किस्सा सांगा: 1915 च्या ऑक्टोबरमध्ये काफ्काला धास्ती वाटली की चित्रकार किडाच काढेल, तेव्हा त्याने प्रकाशकाला घाईने लिहिलं की तो काढू नका, लांबूनसुद्धा नको, हवं तर दिव्याच्या उजेडातल्या खोलीत आईवडील आणि बहीण दाखवा आणि शेजारच्या अंधाऱ्या खोलीचं दार उघडं. छापलेल्या चित्रात किडा नाहीच. तोंड झाकून दाराकडे पाठ फिरवलेला एक माणूस आहे. काका पुन्हा ‘नालायक’ म्हणाले तर भांडू नका, “कुठल्या पानापासून?” एवढं विचारा. गळा दाटून आला तर वापरायला एक वाक्य आधीच लिहून न्या: “माझ्या घरी आजारपण आहे, त्यामुळे हे पान मला जड जातं, पुढचं तुम्ही वाचा.” त्यापलीकडे कुणाला काही देणं लागत नाही.

लोकलमधल्या खिडकीबद्दल जास्त लिहायची गरज नाही. तो रविवार सोडू नका. उलट आणखी एक दिवस मोकळा काढा; महिन्यातून दोन दिवस नर्सिंग ब्युरोचा माणूस बोलवा, दिवसपाळीचा, आणि पहिल्या दिवशी स्वतः घरी थांबून त्याला दादाच्या अल्बमची ओळख करून द्या. आईंच्या कंबरेसाठीही ते बरं. ‘संपावं’ हा विचार रोज येऊ लागला, झोप उडाली, किंवा तो तुमच्या स्वतःच्या जिवाकडे वळला, तर टेली-मानसचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. दादाच्या अंगावर हात उचलावासा वाटला तरीही तोच नंबर. त्या क्षणी आधी खोलीबाहेर या.

आता उशीखालचं पुस्तक. तुम्ही विचारता, त्याने ते वाचलं तर? पण पुस्तक त्याच्याच कपाटात मिळालं असं तुम्हीच लिहिलंय. फिरतीच्या नोकरीतल्या, घर एकट्याने चालवणाऱ्या माणसाने ते विकत आणलं आणि उघडलंच नाही, असं धरून चालू नका. त्याने ते झटक्याच्या कितीतरी आधी वाचलेलं असू शकतं. तो बोट दाखवतोय ते ‘हे काय आहे’ म्हणून की ‘हे माझं आहे’ म्हणून, हे तुम्ही अजून विचारलेलं नाही. सगळ्या घराने मिळून त्याला एका गोष्टीपासून जपायचं, आणि ती त्याला आधीच माहीत असायची. हे तर पुस्तकातच घडतं.

विचारा. कागदावर दोन शब्द लिहा: ‘वाचलंय’, ‘नाही वाचलं’. मग ‘आता वाचूया’, ‘नको’. स्वतः वाचणं त्याला जड जाईल, वाचाघातात वाचनही अडतं. उजव्या बाजूची नजर गेली असेल तर ओळीचा शेवट दिसत नाही, तिथे समासाला लाल पट्टी लावली की डोळा तिथवर जातो. म्हणून तुम्हीच वाचा. इंग्रजी वाक्य वाचून ते तुमच्या घरच्या मराठीत सांगा, किड्याला झुरळ म्हणू नका, मूळ शब्द नुसता नकोशा जिवाचा आहे. दहा-पंधरा मिनिटं, सकाळी किंवा दुपारी, रात्री नको. थांबवायची खूण आधी ठरवा, डावा तळवा वर. ग्रेगोरच्या कंपनीचे बडे बाबू टोपी, कोट, काठी सगळं टाकून जिना उतरून पळतात तिथे तो हसेल. ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी विनोदी आहे, आणि एमआरने साहेबाला पळताना बघायला काय हरकत आहे. तिसरा भाग सुरू करायच्या आधी पुन्हा विचारा. तो ‘नको’ म्हणाला तर तिथेच ठेवा.

पण त्याआधी, आज रात्री, पुस्तक नुसतं चाळा. पहिल्या पानावर तारीख असेल, कुठल्या स्टेशनच्या बुकस्टॉलचा शिक्का असेल, एखाद्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ असेल. सापडली तर उद्या तीच ओळ त्याला वाचून दाखवा, पुस्तक त्याच्या डाव्या हातात द्या आणि दहापर्यंत मोजा.